आठ वर्षांच्या मुलीचा पुढचा दात तुटून नस उघडी पडली आहे, रूट कॅनॉल करावं की नस वाचवावी?

मोगरा
शनिवार, रात्री ९:१०

माझी मुलगी आठ वर्षांची आहे. आज संध्याकाळी सहकारनगरला सोसायटीच्या आवारात स्केटिंग करताना तोंडावर पडली. वरचा पुढचा एक दात तिरका तुटला, जवळजवळ अर्धा. दुधाचा नाही, पक्का दात आहे. तुटलेल्या जागी मधोमध लालसर ठिपका दिसतो. तिथून रक्त येत होतं, आता थांबलंय. तुकडा सापडला, तो वाटीत दुधात घालून ठेवलाय.

घराजवळच्या दवाखान्यात लगेच गेलो. त्यांनी एक्स-रे काढला आणि म्हणाले, नस उघडी पडली आहे, सोमवारी या, रूट कॅनॉल करून टाकू. एक्स-रे व्हॉट्सॲपवर दिलाय. घरी आल्यावर मावसबहिणीशी बोलले. तिचं म्हणणं, या वयात दाताचं मूळच पूर्ण झालेलं नसतं, रूट कॅनॉलची घाई करू नका. नस वाचवता येते आणि तिच्यावर लावायचे वेगवेगळे पदार्थ असतात: एमटीए, बायोडेंटीन, कॅल्शियमचं काहीतरी.

यातलं कोणतं चांगलं? पुण्यात कुठे करतात? आणि सोमवारपर्यंत थांबलं तर चालेल का? गार पाणी लागलं की तिला कळ येते, एरवी दुखत नाही. दात हलत नाही.

पर्वतीकर
शनिवार, रात्री ९:१८

दाताचं नंतर बघू. डोकं आपटलंय का? उलटी, ग्लानी, असंबद्ध बोलणं असं काही असेल तर आधी हॉस्पिटल गाठा. आणि ओठ सुजला असेल तर आत दाताचा बारीक तुकडा रुतलेला नाही ना, तेही बघून घ्या. माझ्या पुतण्याच्या ओठात असा तुकडा राहिला होता, टाके घातल्यावर लक्षात आलं.

मोगरा
शनिवार, रात्री ९:२५

डोक्याला लागलेलं नाही. नीट बोलतेय, मऊ भात खाल्ला. ओठ थोडा खरचटलाय. वाटीतला तुकडा दाताशी ताडून पाहिला, पूर्ण वाटतोय. आठवण करून दिल्याबद्दल आभार.

इंदूआजी
शनिवार, रात्री ९:४०

अगं मोगरा, लवंगेचं तेल कापसावर घेऊन ठेव, ठणका लागणार नाही. आणि मावसबहीण म्हणते ते ऐक. माझ्या धाकट्याचा दात असाच तुटला होता, तिसरीत होता तो. तेव्हा नस काढून टाकली. दात राहिला, पण पुढे कॉलेजात असताना साधी भाकरी चावताना हिरडीपाशी मोडला. मूळ बारीक आणि पातळच राहिलं होतं, असं तेव्हाच्या डॉक्टरांनी सांगितलं.

दंतमित्र
शनिवार, रात्री १०:३०

मी लहान मुलांचा दंतवैद्य आहे, पुण्यातच काम करतो. मोगराताई, सविस्तर लिहितो, कारण सुट्ट्या लागल्या की अशी मुलं दर आठवड्याला येतात आणि पालकांना निर्णय मात्र तासाभरात घ्यावा लागतो.

आधी तातडीचं. लवंगेचं तेल लावू नका. इंदूआजी, किडलेल्या दाढेच्या ठणक्यावर ते वर्षानुवर्षं वापरात आहे हे खरं, पण इथे नस थेट उघडी आहे. त्या तेलातलं युजेनॉल उघड्या नसेला झोंबतं, शिवाय ते दातावर राहिलं तर नंतर लावायचं कॉम्पोझिट (दाताच्या रंगाचं फिलिंग) नीट घट्ट होत नाही. कापूस, हळद, टूथपेस्ट, काहीच लावू नका. कोमट पाण्याने चूळ, मऊ ब्रशने बाकीचे दात स्वच्छ, गार आणि फार गरम टाळा. दुखलंच तर तुमच्या बालरोगतज्ज्ञांनी वजनाप्रमाणे ठरवून दिलेलं पॅरासिटामॉल. तुकडा ओला ठेवलात हे फार चांगलं केलंत.

आज मध्यरात्री धावपळ करण्याचं कारण नाही. उद्या कोणी भेटलं तर उद्या, नाहीतर सोमवारी सकाळी पहिल्या वेळेला. लवकर बंद केलेलं केव्हाही बरं, कारण उघड्या नसेत लाळेतले जंतू शिरत राहतात. पण दोन दिवस गेले म्हणून नस गेली, असं होत नाही.

आता मुळाचं. वरचा पुढचा पक्का दात सातव्या-आठव्या वर्षी हिरडीतून वर येतो. दिसायला पूर्ण दिसतो, पण आत त्याचं मूळ तयार व्हायला अजून सुमारे तीन वर्षं लागतात. आठव्या वर्षी मुळाच्या भिंती पातळ असतात आणि टोक बंद नसतं, नरसाळ्यासारखं उघडं असतं. ते पुढे वाढवणाऱ्या पेशी टोकापाशी असतात आणि भिंती आतून जाड करणाऱ्या पेशी नसेच्या कडेला. नस जिवंत असेपर्यंत हे काम चालू राहतं. नस काढली की ते जिथे असेल तिथे थांबतं, कायमचं. आजींच्या मुलाचा दात हिरडीपाशी मोडला त्याचं कारण हेच. मानेजवळची पातळ भिंत हा अशा दाताचा सगळ्यात कच्चा भाग असतो.

म्हणून या वयात पहिला प्रश्न 'रूट कॅनॉल कधी' हा नसून 'नस वाचवता येईल का' हा आहे. आणि तुम्ही सांगता तशा दातात, म्हणजे लागून काही तासच झालेत, आपोआप ठणकत नाही, हलत नाही, तिथे ती बहुतेक वेळा वाचते.

यासाठीची पद्धत स्टॉकहोमच्या मिओमिर स्वेक यांनी १९७८ मध्ये मांडली. तिला त्यांच्याच नावाने ओळखतात, किंवा पार्शल पल्पॉटॉमी म्हणतात. सगळी नस काढायची नाही. उघडी पडलेली, सुजलेली वरची सुमारे २ मिलीमीटर तेवढी पाण्याच्या फवाऱ्याखाली डायमंड बरने (हिऱ्याचे कण लावलेल्या बारीक ड्रिलने) कापायची, रक्त थांबवायचं, त्यावर औषधी थर द्यायचा आणि वरून हवाबंद करायचं. त्यांनी ६० दात असे केले, त्यातले ९६ टक्के बरे झाले. महत्त्वाचं म्हणजे त्या मुलांना लागून एका तासापासून थेट ९० दिवसांपर्यंत वेळ गेलेला होता, आणि उघडं पडलेलं छिद्र अर्ध्या मिलीमीटरपासून ४ मिलीमीटरपर्यंत होतं. तरीही निकाल चांगले आले.

तुमच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी चुकीचंच सांगितलं असं मानून चालू नका. त्यांनाच आधी विचारा: मुळाचं टोक बंद झालंय का? नसल्यास पार्शल पल्पॉटॉमी कराल का? करताना रबर डॅम (लाळ दूर ठेवणारा रबरी पडदा) लावाल का? पुष्कळ जनरल दंतवैद्य हे उत्तम करतात. ते करत नसतील तर पेडोडॉन्टिस्ट (लहान मुलांचा दंतवैद्य) किंवा एंडोडॉन्टिस्ट (नसेच्या उपचारांचा तज्ज्ञ) गाठा. लावायच्या पदार्थांबद्दल उद्या लिहितो.

मोगरा
शनिवार, रात्री १०:४२

डॉक्टर, मनापासून आभार. लवंग तेलाची बाटली परत ठेवली. एक्स-रेमध्ये मुळाचं टोक खरंच रुंद, उघडं दिसतंय, आता बघितल्यावर कळलं.

इंदूआजी
शनिवार, रात्री १०:५०

तेलाचं मला माहीत नव्हतं बाळा. बरं झालं वेळेत लिहिलंस.

दंतमित्र
रविवार, सकाळी ८:१५

आता पदार्थांचं.

उघड्या नसेवर काहीतरी झाकण घालायची कल्पना जुनी आहे. १७५६ मध्ये फिलिप फाफ नावाच्या जर्मन दंतवैद्याने सोन्याचा पातळ तुकडा बसवण्याबद्दल लिहिलं होतं. पण झाकण घातल्यावर नसेने स्वतः खालून नवीन डेंटिन, म्हणजे दाताचा आतला कठीण भाग, घडवावं, ही गोष्ट साध्य झाली कॅल्शियम हायड्रॉक्साइडमुळे. १९२० मध्ये जर्मनीतल्याच हेर्मान यांनी ते आणलं आणि पुढची अनेक दशकं तेच प्रमाण मानलं गेलं. त्याचा पीएच १२.५ च्या आसपास असतो. इतका अल्कली पदार्थ नसेला टेकला की वरचा अगदी पातळ थर मरतो, जंतूही मरतात, आणि त्या जखमेला उत्तर म्हणून खालच्या पेशी कठीण थर बनवतात. त्याला डेंटिन ब्रिज म्हणतात.

त्याच्या उणिवाही आहेत. ते दाताला चिकटत नाही, काळाच्या ओघात विरघळत जातं, आणि त्याच्याखाली तयार होणाऱ्या ब्रिजमध्ये बारीक बोगदे राहू शकतात. वरचं फिलिंग जराही गळलं तर त्या बोगद्यांतून जंतू पुन्हा नसेपर्यंत पोचतात.

एमटीए, म्हणजे मिनरल ट्रायऑक्साइड ॲग्रिगेट, कॅलिफोर्नियातल्या लोमा लिंडा विद्यापीठात महमूद तोराबिनेजाद आणि सहकाऱ्यांनी विकसित केलं. त्याबद्दलचं पहिलं लेखन १९९३ चं, अमेरिकेच्या एफडीएची मान्यता १९९८ ची. मुळात ते मुळाला पडलेली छिद्रं बुजवायला होतं, नंतर नसेवर वापरलं गेलं. ओलाव्यात घट्ट होतं. तोंडात काम करणाऱ्याला याचं मोल कळेल, कारण इतर बहुतेक पदार्थ ओल लागली की बिघडतात. विरघळत नाही, कडा घट्ट मिटवतं, आणि त्याखाली तयार होणारा ब्रिज जाड आणि सलग असतो.

मग अडचण कुठे? दोन ठिकाणी. एक, घट्ट व्हायला पावणेतीन तासांच्या आसपास लागतात. त्यामुळे पहिल्या काळात बऱ्याचदा ओला कापूस ठेवून तात्पुरतं बंद करत आणि दुसऱ्या भेटीत पक्कं भरत. दोन, रंग. त्यात एक्स-रेमध्ये दिसावं म्हणून बिस्मथ ऑक्साइड असतं, ते दाताला करडी झाक आणतं. पांढरं एमटीए आलं तरी ही तक्रार पूर्ण गेली नाही, आणि रक्त लागलं तर झाक आणखी गडद होते. मागच्या दाढेत याने काही बिघडत नाही. पण आठ वर्षांच्या मुलीचा समोरचा दात, जो तिला पुढची साठ-सत्तर वर्षं वापरायचा आहे, तिथे हा मुद्दा लहान नाही.

बायोडेंटीन फ्रान्सच्या सेप्टोडाँट कंपनीचं, २००९ च्या सुमाराचं. याचाही गाभा एमटीएप्रमाणे ट्रायकॅल्शियम सिलिकेटच, पण एक्स-रेसाठी बिस्मथऐवजी झिर्कोनियम ऑक्साइड, आणि द्रवात कॅल्शियम क्लोराइड असल्याने साधारण १२ मिनिटांत घट्ट होतं. म्हणजे एकाच बैठकीत काम पुरं. रंगाचा त्रास बराच कमी. कॅप्सूल मशीनमध्ये हलवून कालवायची असते, पूड आणि द्रवाचं प्रमाण चुकलं तर एकतर ठिसूळ होतं नाहीतर पातळ. एक्स-रेमध्ये एमटीएइतकं ठळक दिसत नाही, त्यामुळे नंतर पाहणाऱ्या डॉक्टरला काय भरलंय ते सांगून ठेवावं लागतं.

नस वाचण्याच्या बाबतीत एमटीए आणि बायोडेंटीन यांच्यात मोठा फरक अभ्यासांत दिसत नाही. समोरच्या दातासाठी मी बायोडेंटीन घेतो ते रंग आणि वेळ या दोन कारणांनी.

सिव्हिलवाला
रविवार, सकाळी ९:०५

डॉक्टर, बांधकामात आयुष्य गेलं म्हणून विचारतो. ट्रायकॅल्शियम सिलिकेट म्हणजे आमच्या पोर्टलंड सिमेंटचा मुख्य घटक. त्यात पाणी घातलं की हायड्रेशन होऊन सी-एस-एच (कॅल्शियम सिलिकेट हायड्रेट) जेल तयार होतं आणि सोबत कॅल्शियम हायड्रॉक्साइड सुटतं. मग तुमचं जुनं औषध नव्या औषधाच्या पोटातूनच बाहेर येतंय, असं समजायचं का?

दंतमित्र
रविवार, सकाळी ९:३०

अगदी बरोबर समजलात. एमटीएची सुरुवातच पोर्टलंड सिमेंटपासून झाली. ओलावा मिळाला की कॅल्शियम हायड्रॉक्साइड हळूहळू सुटत राहतं, नसेला तोच अल्कली इशारा मिळतो. कालवल्यावर एमटीएचा पीएच १०.२ असतो आणि तीनेक तासांत १२.५ वर जातो. फरक असा की मागे सी-एस-एच जेल उरतं, ते जागा सोडत नाही. इशारा देणारा आणि दार लावणारा पदार्थ एकच झाला. डेंटिनमध्ये अडकून पडलेले वाढीचे घटकही या अल्कली स्पर्शाने मोकळे होतात आणि नसेतल्या पेशींना कामाला लावतात.

पण कोणी गोणीतलं सिमेंट डोळ्यांसमोर आणू नये. वैद्यकीय पदार्थात जड धातूंचं प्रमाण, कणांचा आकार, निर्जंतुकता हे सगळं बांधलेलं असतं.

सिव्हिलवाला
रविवार, सकाळी ९:४१

समजलं. पाणी जास्त झालं की ताकद जाते, हा नियम तुमच्याकडेही लागू दिसतो.

कातळ
रविवार, सकाळी ११:२०

मी भोर भागात प्रॅक्टिस करतो. दंतमित्रांचा मान राखून थोडं वेगळं मांडतो. स्वेक यांचे ते ९६ टक्के कशाने आले? कॅल्शियम हायड्रॉक्साइडनेच. एमटीए तेव्हा जगात नव्हतं. माझ्याकडे शेतमजुरांची मुलं येतात. एमटीएची पुडी फोडली की उरलेली दमट हवेत खराब होते, आणि तो खर्च मी त्यांच्यावर टाकू शकत नाही. कॅल्शियमने मी अनेक मुलांचे दात वाचवलेत, मुळं पूर्ण झालेली एक्स-रेवर पाहिली आहेत. 'बायोडेंटीन नसेल तर उपयोग नाही' असा समज पसरला तर गावाकडचे पालक पुण्याला जाणं पुढे ढकलत राहतील आणि तोवर नस मरेल. याची मला खरी काळजी वाटते.

दंतमित्र
रविवार, दुपारी १२:१०

कातळ, तुमचं म्हणणं मला पूर्ण मान्य आहे आणि तुम्ही ते इथे लिहिलंत हे फार बरं झालं. आंतरराष्ट्रीय दंत आघात संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनाही अशा दातावर दोन पर्याय देतात: घट्ट न होणारं कॅल्शियम हायड्रॉक्साइड, किंवा डाग न पाडणारं कॅल्शियम सिलिकेट सिमेंट. पहिला पर्याय बाद झालेला नाही.

याच्या मुळाशी १९६५ चा एक प्रयोग आहे. काकेहाशी, स्टॅन्ली आणि फिट्झगेराल्ड यांनी उंदरांच्या दाढांची नस मुद्दाम उघडी केली आणि वर काहीही लावलं नाही. नेहमीच्या वातावरणात वाढलेल्या उंदरांमध्ये नस सडली. पूर्ण जंतूविरहित वातावरणात वाढलेल्या उंदरांमध्ये, अन्नाचे कण आत जात असूनही, नस जगली आणि तिने स्वतःच ब्रिज बांधला. म्हणजे नसेला बरं व्हायचं असतंच, आडवे येतात ते जंतू. म्हणून रबर डॅम, निर्जंतुक बर, रक्त नीट थांबवणं आणि वरचं भरण न गळणं, या चार गोष्टींनंतर पदार्थाचा नंबर लागतो. हे सांभाळून लावलेलं कॅल्शियम हायड्रॉक्साइड, लाळेत हात घालून लावलेल्या बायोडेंटीनपेक्षा कितीतरी श्रेष्ठ.

रक्त थांबवण्याबद्दल दोन ओळी, कारण पालकांना हे कोणी सांगत नाही. नस कापल्यावर सोडियम हायपोक्लोराइट (जंतुनाशक द्रव) किंवा सलाइनमध्ये भिजवलेला कापसाचा बोळा हलक्या हाताने काही मिनिटं धरतात. रक्त थांबलं, तर उरलेली नस निरोगी आहे असं धरायचं. थांबतच नसेल तर सूज आणखी खोल आहे, अजून थोडी नस काढायची, गरज पडली तर दाताच्या वरच्या भागातली सगळी. मुळातली तरीही वाचवायची. रक्ताच्या गुठळीवर औषध लावायचं नाही, कोणतंही.

एका ठिकाणी मात्र मी कॅल्शियम हायड्रॉक्साइडबद्दल सावध आहे. नस मेलेली असताना मुळाच्या आत ते महिनोन्‌महिने भरून ठेवायची जी जुनी पद्धत होती, ती. अँड्रियासेन आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये मेंढ्यांच्या मूळ अपुरं असलेल्या दातांवर दाखवलं की अशाने वर्षभरात मुळाची ताकद निम्म्यावर येते. उघड्या नसेवर पातळ थर देणं वेगळं आणि मुळात वर्षभर ठासून ठेवणं वेगळं. पुष्कळदा या दोन्हींची सरमिसळ होते.

कातळ
रविवार, दुपारी १२:३५

त्या शेवटच्या मुद्द्याला अनुमोदन. मुळात भरून ठेवलेले दात मीही मोडताना पाहिलेत. मी वरून ग्लास आयोनोमर (दाताला चिकटणारं सिमेंट) आणि त्यावर कॉम्पोझिट असं दुहेरी बंद करतो, कॅल्शियम विरघळलं तरी दार उघडं राहू नये म्हणून.

पेडो_पीजी
रविवार, दुपारी २:००

मी पुण्यातच लहान मुलांच्या दंतविभागात एमडीएस करते आहे. धागा वाचून दोन गोष्टी जोडाव्याशा वाटल्या.

बरेच पालक सांगतात, 'गार कापूस लावून पाहिला, मुलाला काही कळलं नाही, म्हणून नस मेली असं सांगितलं'. मूळ अपुरं असताना नसेतल्या वेदना नेणाऱ्या तंतूंचं जाळं पूर्ण तयार झालेलं नसतं, शिवाय मार लागल्यावर काही आठवडे ते सुन्नही असू शकतं. त्यामुळे फक्त गारव्याच्या किंवा विजेच्या चाचणीवरून या वयात नस मेली असं ठरवू नये. हिरडीवर पुळी, दात काळवंडणं, एक्स-रेत मुळाच्या टोकाशी काळी जागा अशा खुणा एकत्र पाहाव्या लागतात.

दुसरं, नस खरंच मेली असेल तरी मार्ग आहेत. उघड्या टोकाला एमटीए किंवा बायोडेंटीनचा ४-५ मिलीमीटरचा बुच बसवून बाकीचा भाग भरता येतो, याला अपेक्सिफिकेशन म्हणतात. दात टिकतो, पण मूळ वाढत नाही. दुसरी पद्धत रिव्हॅस्क्युलरायझेशन. मुळातले जंतू औषधाने मारायचे, मग टोकापलीकडून मुद्दाम रक्त आत आणायचं आणि त्या गुठळीवर सिमेंटचं झाकण द्यायचं. २००१ मध्ये जपानच्या इवाया यांनी आणि २००४ मध्ये बँक्स आणि ट्रोप यांनी याची उदाहरणं प्रसिद्ध केल्यावर ती जगभर सुरू झाली. काही दातांची मुळं यात लांब आणि जाड झालेली दिसतात, सगळ्यांची नाही. पूर्वी त्यात वापरल्या जाणाऱ्या तीन प्रतिजैविकांच्या मिश्रणातल्या मिनोसायक्लीनने दात काळपट व्हायचे.

हे दोन्ही मार्ग नस गेल्यानंतरचे. जिवंत नस मूळ जसं बांधते, तसं यातलं कुठलंच खात्रीने बांधत नाही.

मोगरा
सोमवार, संध्याकाळी ७:३०

आज झालं. आमच्याच डॉक्टरांना हे सगळं विचारलं. त्यांनी मोकळेपणाने सांगितलं की लहान मुलांचं हे काम ते करत नाहीत, आणि स्वतः फोन करून एका पेडोडॉन्टिस्टकडे पाठवलं.

आधी हिरडीवर गोड वासाची जेल, मग इंजेक्शन. निळा रबरी पडदा लावल्यावर मुलीला आधी भीती वाटली, नंतर म्हणाली की घशात पाणी जात नाही हे बरं आहे. डॉक्टरांनी मला आरशातून दाखवलं: वरचा थोडा भाग कापला, ओला बोळा धरला, रक्त थांबलं. त्यावर बायोडेंटीन. ते घट्ट होईपर्यंत वाट पाहिली. मग त्यांनी आपला तुटलेला तुकडाच पुन्हा चिकटवला! आधी तो सलाइनमध्ये वीस मिनिटं भिजवून ठेवला होता. जोडाची रेघ अगदी जवळून पाहिलं तरच दिसते. मुलगी हसली तेव्हा मला रडू आलं.

आता पुढे काय काय बघायचं?

इंदूआजी
सोमवार, संध्याकाळी ७:४५

देव पावला. लेकीला माझा आशीर्वाद सांग.

दंतमित्र
सोमवार, रात्री ९:००

फार आनंद झाला. तुकडा ओला ठेवण्याचा फायदा हाच. कोरडा पडला की रंग पांढुरका होतो आणि चिकटही कमी बसते.

आता तपासण्या चुकवू नका. सहा ते आठ आठवड्यांनी, मग तीन महिन्यांनी, सहा महिन्यांनी आणि वर्षाने. मी स्वतः मूळ पूर्ण होईपर्यंत वर्षातून एकदा बोलावतो. काही दुखत नसलं तरी जायचं, कारण नस गेली तर ती मुलांमध्ये पुष्कळदा गुपचूप जाते. एक्स-रेत शेजारच्या न लागलेल्या दाताशी तुलना करायची. दोन्हींची मुळं सारखी लांब होत असतील, भिंती जाड होत असतील आणि टोक मिटत असेल तर नस जिवंत आहे. याहून भरवशाची चाचणी या वयात नाही. शेजारचं मूळ पुढे गेलं आणि हे तिथेच थांबलं तर लगेच पुढचं पाऊल उचलायचं.

मधल्या काळात हिरडीवर पुळी, दात राखाडी होणं, रात्री ठणका, चावताना दुखणं, जोडलेला तुकडा सुटणं, यातलं काहीही झालं तर तारखेची वाट पाहू नका. पेरू, ऊस, चिक्की समोरच्या दाताने तोडायचं नाही. आणि स्केटिंग बंद करू नका, माउथगार्ड करून घ्या. तिचे वरचे दात पुढे असतील तर पुन्हा लागण्याचा धोका जास्त असतो, तेही डॉक्टरांना दाखवा.

पर्वतीकर
सोमवार, रात्री ९:२०

खर्च परवडत नसेल तर पुण्यात कुठे जावं?

पेडो_पीजी
सोमवार, रात्री ९:५०

दंत महाविद्यालयांच्या ओपीडीत लहान मुलांचा विभाग वेगळा असतो आणि बाहेरच्या मानाने खर्च बराच कमी येतो. धनकवडीला भारती विद्यापीठ, वडगावला सिंहगड, कॅम्पात आझम कॅम्पसमध्ये रंगूनवाला, पिंपरीला डी. वाय. पाटील. सकाळी लवकर जा. काम पदव्युत्तर विद्यार्थी करतात, शिक्षक पाहतात, त्यामुळे वेळ जास्त लागतो. रविवारी जाण्याआधी फोन करून विचारा.

केतकी
मंगळवार, सकाळी १०:१५

धागा वाचून धीर आला म्हणून विचारते. माझा मुलगा सात वर्षांचा. खालच्या सगळ्यात मागच्या दाढेला खोल कीड आहे. मी दुधाची दाढ समजून सोडून दिली होती, आता डॉक्टर म्हणतात पक्की आहे आणि नसेपर्यंत गेली असावी. गोड खाल्लं की दुखतं, लगेच थांबतं. इथेही हेच लागू होतं का?

दंतमित्र
मंगळवार, दुपारी १:३०

हो, केतकीताई. सहाव्या-सातव्या वर्षी येणारी ही दाढ दुधाच्या दाढांच्या मागे येते, तिच्यासाठी कोणताही दात पडत नाही, म्हणून अनेक घरांत ती दुधाची समजली जाते. तिची मुळं नवव्या-दहाव्या वर्षापर्यंत पूर्ण होत असतात, त्यामुळे जिवंत नसेची गरज तिलाही तेवढीच आहे.

दुखणं लगेच थांबतं ही चांगली खूण आहे. अशा दाढेत सगळी कीड खरवडून नस उघडी पाडण्याचा आग्रह आता धरत नाहीत. कडेची कीड पूर्ण साफ करायची, नसेजवळ जराशी मऊ डेंटिन राहू द्यायची आणि वर घट्ट बंद करायचं. अन्न न मिळाल्याने तिथले जंतू थंडावतात आणि नस खालून भिंत जाड करते. युरोपियन एंडोडॉन्टॉलॉजी संघटनेनेही २०१९ मध्ये खोल किडीसाठी हीच दिशा दिली. साफ करताना नस उघडी पडलीच तर वर लिहिलेली पल्पॉटॉमी, आणि दाढेत रंगाचा प्रश्न नसल्याने एमटीएही उत्तम. फक्त नंतर भक्कम फिलिंग किंवा स्टीलची कॅप हवी, कारण चावण्याचा सगळा जोर तिच्यावर येतो.

डॉक्टरांना दोन्ही बाजूंचा एक्स-रे काढायला सांगा. एका बाजूला कीड असेल तर दुसऱ्या बाजूच्या दाढेतही सुरुवात झालेली असू शकते, आणि ती आत्ता साध्या फिलिंगवर भागेल. या आठवड्यातच जा.

केतकी
मंगळवार, दुपारी १:४२

उद्या सकाळची वेळ घेतली. दोन्ही बाजूंचा एक्स-रे काढायला सांगते.